नारळी पौर्णिमेचा नारळ

“कुणी खरं मानणार नाही, पण दर्या परत आलाय!” पदू तांडेल होडीभोवती येरझारा घालत म्हणाला. पृथ्वीच्या आसाचा कल घटल्यापासून उत्तरेचं बर्फ उन्हाळ्यातही वितळत नव्हतं. समुद्राचं पाणी तिकडेच गोठत गेलं आणि हर्णैचा किनारा क्षितिजापार सरकला. थंडीने काकडणाऱ्या पोरांसाठी पदूची सून आज होडी फोडून सरपण करणार होती.

“कमरेभर पाण्यात उभा राहून नारळ वाहिला मी. माशांनी हातातून ओढून नेला, देवाशप्पथ! आता होडी लागणारच की गो!” म्हाताऱ्याचा पाय एका जागी ठरेना.

सुनेने कुऱ्हाड खाली ठेवली.

“मामंजी, जरा स्वस्थ उभे राहा. तुमच्या घोंगडीत नारळाचं पाणी खळखळतंय.”