डिझेल खाणारा

सायलेन्सरमधला धूर गाळायचा फिल्टरच डिझेल खातो, असा शोध लावून दिग्विजय मालकानं तो नव्या ट्रकमधून कापून काढला. महिनाभर गाडी वाशी ते लोहारा काळा धूर ओकत फिरली, पण ॲव्हरेज तसूभर वाढलं नाही. म्हातारा ड्रायव्हर जैनोद्दीन नुसती गाडी हाकत राहिला. दीडशहाण्याला शिकवून तोंड कोण शिणवणार.

आजही जेवण उरकून मालक उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये आडवा झाला. एसीसाठी दोन तास इंजिन चालू ठेवायचं, हा त्याचा रोजचाच रिवाज.

"चाचा, अजून बी लई डिझेल खाती गाडी. आता काय काढावं?" त्यानं पडल्या पडल्या विचारलं.



जैनोद्दीननं केबिनचं दार उघडून धरलं. "तुमी खाली उतरा, मालक."