सगळ्यात मोठा मासा

"हे परत न्या," म्हणत हॉटेलच्या खरेदीवाल्याने टोपली पायाने दाराकडे सरकवली.

पायाने! मासेवाली मावशी पेटलीच. सव्वीस वर्षं ती या गावाला मासे खिलवत होती. तिच्या टोपलीला कुणी नाक मुरडलं नव्हतं, पाय लावणं तर लांबच. तिने एका माशाचा कल्ला बोटाने उघडला आणि खरेदीवाल्याच्या नाकासमोर धरला. "बघ. लालभडक आहे. पहाटे पाण्यात होता हा. आणि तू शिळा म्हणतोस?"

"शिळा कोण म्हणतंय? तपासणीत बसत नाही."

वरच्या मजल्यावर नव्वद देशांची परिषद भरली होती. विषय पाऱ्याचं प्रदूषण. तीन दिवस मंडळी एकाच वाक्यावर अडली होती. कारखान्यांनी पाण्यात पारा सोडणं 'थांबवावं' असं लिहावं, की 'कमी करण्याचा विचार करावा' असं? एवढ्या श्रमांनंतर पाहुण्यांना भूक लागणारच. त्यांच्या जिवाला अपाय नको म्हणून प्रदूषण खात्याने थेट स्वयंपाकघरात यंत्र मांडून तपासनीस बसवला होता.

"मावशी, मासा ताजाच आहे," तपासनीस म्हणाला. "पण त्याच्या अंगात पारा आहे. खाडीवरच्या कारखान्याचा."

"पाहुण्यांना नाही चालणार," खरेदीवाला म्हणाला.

"मग कुणाला चालेल?"

"बाजारात बसा की. रोज विकताच ना?"

आता मावशीचा आवाज असा चढला, की भांडी घासणारेही थांबले. "म्हणजे मी गावाला विष विकते? अरे, मी विकते तेच माझ्या घरी शिजतं! सुनेला आठवा महिना लागलाय. दोनदा गर्भ गेला तिचा, आता कुठे टिकलाय. पहिल्या दिवसापासून टोपलीतला सगळ्यात मोठा मासा तिच्यासाठी बाजूला काढते मी. गिऱ्हाईक पाया पडलं तरी तो विकत नाही!"

तपासनिसाने चष्मा काढला. "सगळ्यात मोठा?"

"मग? पोटुशीच्या ताटात बारीकसारीक वाढू?"

"मावशी..." त्याने आवाज खाली आणला. "मोठा मासा लहानांना खातो. त्या सगळ्यांचा पारा त्याच्या एकट्याच्या अंगात साठतो. लहान मासा त्यातल्या त्यात बरा. मोठा पोटुशीला द्यायचाच नसतो. आईला काही जाणवत नाही, पण पारा बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो."

वरून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. वाक्य ठरलं असावं.

मावशीने टोपलीचा काठ घट्ट धरला. "तुम्हाला हे कधीपासून ठाऊक आहे?"

"सहा वर्षं. दरवर्षी मोजतो आम्ही."

"सहा वर्षं! रोज माझ्या टोपलीसमोरून ऑफिसला जातोस, मेल्या. सांगितलं का नाहीस?"

तपासनिसाला हे लागलं. खात्यावर असा आळ त्याने कधी ऐकून घेतला नव्हता.

"असं कसं म्हणता, मावशी? सांगितलं की. नव्वद देशांना सांगितलं."