शंभरातली एकाहत्तर

समाज आकड्यांवर पुढे जातो, असं शिवलिंगप्पा वकिलांनी गळ्यातला हार सावरत सांगितलं. त्यांच्याकडे आकडा एकच होता. विडी वळणाऱ्या बायकांची शंभरातली ऐंशी मुलं चौथीच्या आत शाळा सोडतात. हा आकडा कुठून आणला, हे कोणी विचारलं नाही. व्यासपीठावरून आलेल्या आकड्याला गाव विचारायची पद्धत नाही.

साल १९७४. सोलापुरात एक नवी शाळा-इमारत मंजूर झाली होती. ती कुठे बांधावी हे सुचवायला वकिलांच्या समितीनं सभा बोलावली होती. ऑफिसरांच्या कॉलनीत, की विडी कामगारांच्या वस्तीत? चर्चा व्हायची होती, ठराव मात्र लिहून तयार होता: वस्तीतली शंभरातली ऐंशी मुलं शाळेत टिकत नाहीत, सबब इमारत कॉलनीत बांधावी.

सावित्रम्मा वस्तीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. पत्र्याच्या दोन खोल्या, वर्ग चार. मार्च लागला की दोन वर्ग लिंबाखाली. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या वाट्याला आभार होते. पण पिशवीत दहा वर्षांचे हजेरीपट होते, आणि त्यांनी ते आठवडाभर बसून मोजले होते.

"बसा की हो बाई," त्या उठू लागताच शेजारचे गुरुबसप्पा मास्तर कुजबुजले. "सगळेच मान हलवायलेत."

"माहीत असून गप्प बसायचं, तर हजेरी तरी कशाला घ्यायची?" म्हणत सावित्रम्मा उभ्या राहिल्या.

"बाई, आभार शेवटी," वकील म्हणाले.

"आभार नाहीत साहेब, आकडे आहेत. माझ्या शाळेत पहिलीला आलेल्या शंभरातली एकाहत्तर मुलं चौथी पास होतात. हे दहा वर्षांचे हजेरीपट."

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कसं शक्य आहे?"

"शक्य हाय की!" मागून विड्या वळणारी पारूबाई ओरडली. तिच्या बोटांना अजून तंबाखूचा वास होता. "कारखान्यात विड्या मोजून घेताना मुकादम शेकड्याला चार कमी धरतो. शिकलेलं पोर शेजारी हुबं केलं की बराबर शंबर भरत्यात. मग शाळा कोन सोडू देतंय?"

सभा हसली. टाळ्याही पडल्या. सावित्रम्मांना पत्र्याच्या जागी स्लॅब दिसू लागला.

वकील तसे मोठ्या मनाचे. त्यांनी चूक भर सभेत कबूल केली, बाईंच्या मेहनतीचं तोंड भरून कौतुक केलं, ठरावातली ऐंशी स्वतःच्या हातानं खोडून तिथं एकाहत्तर लिहिली. मग शाई वाळेपर्यंत थांबून दुरुस्त ठराव वाचून दाखवला:

वस्तीतली शंभरातली एकाहत्तर मुलं पत्र्याखालीही उत्तम टिकतात, सबब इमारत कॉलनीत बांधावी.