खिडकीजवळची हुस्निया

आमच्या लोंबोक बेटावर मुलगी एखाद्या मुलाच्या घरी गेली आणि दिवस बुडायच्या आत परतली नाही, की लग्न लागल्यातच जमा. आठवीतली हुस्निया दुपारीच अशी एका मुलाच्या घरी गेली, हे कळताच तिच्या वर्गाच्या रोहायनीबाई शाळेतून तशाच धावत त्या मुलाच्या दारात आल्या.

"पोरीला माझ्याबरोबर पाठवा हो. लेकरू आहे ते अजून."

मुलाची आई उंबऱ्यातून हललीसुद्धा नाही. "आत्ता आठवली होय? ती तर म्हणते, बाईंना माझं तोंडही ओळखू येणार नाही. सांगा बघू, काय ठाऊक आहे तुम्हाला तिचं?"

बाईंनी मावळतीकडे पाहिलं आणि त्या भराभर बोलू लागल्या. "खिडकीजवळ बसते. डावखुरी आहे. उत्तर येत असलं तरी हात अर्धाच वर करते. केळीच्या पानातला आपला भात मैत्रिणीला देते आणि भूक नाही म्हणते. रागावलं की हसते, आणि शाबासकी दिली की रडते..." मशिदीत मावळतीची अजान सुरू झाली, तरी त्या थांबेनात.

आतून हुंदका फुटला. "एवढं सगळं बघत होतात, तर मला एकदा तरी सांगायचं होतंत ना, बाई!"