पट्टीवरचं तेल

कुलदीपने पिकअपचं बॉनेट उघडलं, इंजिनातली तेल मोजायची पट्टी उपसली आणि फडकं शोधायचे कष्ट न घेता सासऱ्याच्या खांद्यावरच्या पांढऱ्या दुपट्ट्याला पुसली. लग्नात याच घराने मानाचा म्हणून घातलेला दुपट्टा होता तो. पट्टी पुन्हा आत घालून त्याने बाहेर काढली आणि देवमनच्या नाकासमोर धरली.

"पाहा मामाजी. जवायाले काय रतन देलं तुमी, ते पाहा."

देवमन मोर्शीहून पहिल्या एसटीने निघून बाळापूरला आला होता, तो लेकीला न्यायला. धाकट्या मुलाची, सागरची हळद तोंडावर आली होती आणि करवलीशिवाय हळद कशी लागणार? आचल सकाळपासून नवं पातळ नेसून तयार होती. पण जावयाने सासऱ्याला उंबरठाही ओलांडू दिला नाही. आधी गाडी पाहा म्हणाला, मग पोरीचं बोलू.

गाडी देवमनचीच. कितीतरी हंगाम त्याने मोर्शीची संत्री याच पिकअपने अमरावतीला नेली होती. लग्नात गाडीवाचून जावयाचं तोंड वाकडं झालं, तेव्हा देवमनने आपली चालती गाडी किल्लीसकट देऊन टाकली आणि स्वतः दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला.

"अकोल्याचा मेस्तरी म्हने, इंजिन आतून चिकटून गेलं," कुलदीप म्हणाला. "आता तुमीच सांगा. गाडी पयलेच मेलेली होती, का माह्या घरात कोनी तिले मारलं? दोनातलं एक काहीतरी असनच न?"

"ऑइल बदललं होतं का, जवाईबापू?"

"मले शिकवता का?"

देवमनने पट्टी हातात घेतली. पट्टीवर धड ऑइल नव्हतंच, डिंकासारखं काहीतरी चिकटलं होतं. त्याने ते दोन बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं. जवसाच्या तेलाचा वास! लेकीला ठेच्यावर आवडतं म्हणून घाण्यावरून काढून त्याने तिच्यासोबत डबा भरून दिला होता, त्याच तेलाचा.

आचल पाण्याचा गडवा घेऊन आली. जरा वाकून हळूच म्हणाली, "आता तेल कमी नाई न, बाबा? हे रोज सकाळी पट्टी पाहून तुमच्या नावानं शिव्या देत. आता मी कमी पडूच देत नाई." आणि हसली, शाळेत पहिला नंबर आल्यासारखी.

देवमनला सगळं कळलं. जुनं इंजिन थोडंफार तेल पितंच. त्यावरून इथे रोज बापाचा उद्धार होत होता, म्हणून या खुळ्या पोरीने आपल्या ताटातलं चांगलं तेल गाडीला पाजलं होतं, आणि ते तापून आत डिंकासारखं आळलं होतं. बापाची अब्रू राखता राखता तिने इंजिनाची माती केली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. गडवा घेताना तिच्या बांगड्यांच्या वर काळानिळा वळ त्याला दिसला. नुसतं तेल कमी दिसलं तर हे. इंजिन हिनेच घालवलं असं कळलं, तर हा माणूस काय करील?

"गाडी मेलेलीच होती," देवमन म्हणाला.

"काय म्हनलं?"

"इंजिन पयलेच खराब होतं. धूर दिसू नये म्हनून मी त्यात जाडं तेल भरलं अन् तुमाले देली. चूक माही हाय."

कुलदीपला आनंद लपवता आला नाही. त्याने खिशातून मोबाईल काढला. "मा, बाहीर ये, आयक हे! मामाजी, पुना म्हना. इकडे पाहून. असे हात जोडून म्हना. साऱ्या सोयऱ्यायच्या ग्रुपवर टाकतो."

त्याची आई केशरबाई कणकेच्या हातांनीच बाहेर आली. देवमनने हात जोडले आणि मोबाईलकडे बघून, आपण जावयाला फसवलं, असं पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळेला खोटं बोलणं सोपं गेलं. उलट जिवाला बरंच वाटलं त्याच्या. इंजिन गेलं, सोयऱ्यांत नाक गेलं, जाऊ दे. पोरगी तर वाचली.

"बाबा, खरं म्हनता तुमी?" आचलचा चेहरा उतरला होता.

"हो."

"तुमाले पयलेच मालूम होतं?"

"पोरी, चूप राह्य. निंग, एसटी भेटाची नाई."

"काहून चूप राहू? माहे बाबा असे नाईत म्हनून मी इथं साऱ्यायसंगं भांडली. मार खाल्ला मी!" तिचा आवाज फाटला. "तुमी जानूनबुजून मेलेली गाडी देली, अन् मी येडी, तुमाले कोनी बोलू नये म्हनून चोरून उठून तिच्यात जवसाचं तेल ओतत राहिली! अख्खा डबा ओतला मी तिच्यात!"

कुलदीपने मोबाईल सासऱ्यावरून हळूहळू बायकोकडे वळवला. रेकॉर्डिंग चालूच होतं.

केशरबाईने कणकेचे हात पदराला पुसले.

"इवाई, तुमी निंगा आता, ऊन वाढून राहिलं," ती अगदी मायेने म्हणाली. "आचल, तू आत ये. अन् दार लावून घे."