लूम बंद असताना

भिवंडीची जुनी गल्ली बघायला येणाऱ्या पाहुण्यांना लूमच्या खडखडाटात गाईडचं बोलणंच ऐकू येईना. शेवटी गाईड पूर्वीने दाऊदचाचांना गळ घातली आणि चाचांनी कुरकुरतच रविवारी सकाळी आपले लूम तासभर बंद ठेवले.

पाहुणे आले आणि समोरच्या कोरीव सज्ज्याखाली माना वर करून उभे राहिले. चाचा ओटीवर बसले होते, शेजारी जैनबचाची. सगळा जन्म लूमपाशी गेलेला, त्यामुळे शेजारच्या माणसाशीही चाचा ओरडूनच बोलायचे. आताही तसंच बोलले, "लाकडात काय बघतात ही माणसं? गल्लीत बघण्यासारखी तर तूच हाय!"

सगळ्या माना सज्ज्यावरून थेट ओटीकडे वळल्या. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. चाचांना कुठे तोंड लपवू असं झालं.

जैनबचाचीने डोक्यावरची ओढणी सावरली, रोजच्यासारखा कानामागे हात धरला आणि त्या चिडीचूप गल्लीत चाचांना म्हणाली, "काय म्हणालात? लूमच्या आवाजात काय ऐकूच न्हाय आलं. परत बोला!"