पाच भोकं

पाचवा बार झाला आणि काळू बांधाआडून उठला. चौकटीवरच्या मोठ्या कागदावर आज पहिल्यांदाच पाचही भोकं मधोमध पडली होती, एका तळहाताखाली झाकली जातील अशी.

त्याने घाबरून वाडीच्या दिशेला पाहिलं.

तीनशे पावलांवर, खाडीकाठच्या खाजणाच्या दुसऱ्या टोकाला, हैबतराव रायफलीमागे पालथे पडले होते. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला माणूस. काडतुसंसुद्धा स्वतः भरायचे. नाजूक काट्यावर दारूचा कण न् कण तोलायचे, एक भरणी जमली नाही की दुसरी करून बघायचे. स्पर्धेसाठी, असं सांगायचे.

काळूला ते पटत नव्हतं. महिन्यापूर्वी त्याच्या पोराने, गोरखने, वाडीच्या वाटेवर हैबतरावांनी फाटकाला घातलेलं कुलूप तोडलं आणि वाट मोकळी करा म्हणून पेणला जाऊन तहसिलीत अर्ज टाकला. तेव्हा हैबतराव चारचौघांत ओरडले होते, "उभा गोळी घालीन याला!" दुसऱ्याच दिवशी सराव सुरू झाला. आणि हैबतरावांच्या गच्चीपासून वाडीचा हातपंप, जिथे गोरख रोज सकाळी आंघोळ करतो, किती लांब? काळूने मोजून पाहिलं होतं. तीनशे पावलं.

"पोलिसात जाऊया का गो?" त्याने बायकोला विचारलं होतं.

"आन् काय सांगशील?" चिमा म्हणाली. "दादा कागदाला गोळ्या मारतात म्हून?"

गोरख तर हसलाच. "म्हातारा नुसते बार काढतोय, बाबा."

हसायला त्याचं काय जातं! हैबतरावांचा गडी म्हणून कागद बघायची पाळी काळूवर होती. भीतीने त्याला रोज घास गिळवत नव्हता.

आज मात्र त्या भीतीनेच त्याला अक्कल दिली. भोकं बुजवायचं काम त्याचंच. खळ आणि कागदाची ठिगळं त्याच्याजवळच असायची. त्याने खरी पाच भोकं बुजवली. मग बांधातून उकरलेली एक गोळी घेऊन मधल्या ठिपक्यापासून एक हात उजवीकडे पाच नवी भोकं पाडली. गोळीचं भोक गोळीनेच पाडलेलं, ओळखणार कोण?

हैबतराव आले, कागदापुढे उभे राहिले.

"भरणी तर झकास बसलीय," ते पुटपुटले. "पण सगळा मारा उजवीकडं कसा? बरं, घेतो एक हात डावीकडं."

त्यांनी रायफलीवरच्या दुर्बिणीची चकती फिरवली. पुढच्या पाच गोळ्या अर्थातच ठिपक्याच्या एक हात डावीकडे लागल्या. काळूने तीही भोकं बुजवली आणि नवी पाच पाडली, या खेपेला अगदी मधोमध.

"आता कसं!" हैबतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता हिला हात लावायचा नाय."

त्या दुपारी काळू पोटभर जेवला. नेम धरावा तिथून हातभर डावीकडे जाणारी रायफल गोरखचं काय वाकडं करणार?

चार दिवसांनी सकाळीच हैबतरावांची हाक आली. "काळू, वर गच्चीवर ये."

कठड्यावर वाळूची पिशवी होती, पिशवीवर रायफल. हैबतरावांचा डोळा दुर्बिणीला लागलेला. समोर पंपापाशी गोरख पाठमोरा उभा होता, अंगभर साबण लावून. हातभर तर हातभर, पण गोळी ती गोळी. त्याने हैबतरावांचे पाय धरले.

"दादा, पाया पडतो. एकुलता एक हाय. मारू नका त्याला."

"मारतोय कोण?" डोळा न हलवता हैबतराव हसले. "खुळा का काय तू? मारायचंच असतं तर बाजारची कुठलीबी गोळी चालली असती. मारायचं नाय, म्हणून तर महिनाभर कण न् कण तोलत बसलो. जरा टरकवायचा त्याला, बस."

काळूचा जीव भांड्यात पडला. माणूस तोंडाचा फाटका, पण खुनी नव्हता. उगीच महिनाभर जळलो, असं वाटून त्याला रडूच आलं. तो डोळे पुसू लागला.

"त्याच्या उजवीकडं ती निळी बादली दिसतेय? बरोब्बर एक हातावर," हैबतराव म्हणाले आणि त्यांनी चाप ओढला.